आपला ग्रुप घेऊन युरोपला निघालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं मुंबई-पुण्याहून युरोपला ग्रुप घेऊन जाते. हल्ली येणारे फोन बरेचदा पर्यटकांचे नसतात. कधी सोसायटीतल्या एखाद्या काकांचा असतो, कधी ज्येष्ठ नागरिक संघाच्या सेक्रेटरींचा, कधी योगवर्ग चालवणाऱ्या ताईंचा. ‘यंदा आमचा ग्रुप मीच घेऊन चाललोय, काय काय बघावं लागेल?’ प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. उदाहरणं पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली या मार्गाची आहेत, कारण पहिल्यांदा निघालेले बहुतेक मराठी ग्रुप हाच मार्ग धरतात.

पहिल्या खेपेला किती माणसं न्यावीत?

२० ते २५. मोठ्या बसमध्ये ४९ सीटा असतात आणि बसचं भाडं २० माणसांना तेवढंच, ४० माणसांना तेवढंच. त्यामुळे ‘अजून दहा घ्या, दरडोई स्वस्त पडेल’ असा आग्रह होतोच. पण २५ माणसं एका हिरव्या सिग्नलात रस्ता ओलांडतात. ४० माणसांना दोन सिग्नल लागतात, आणि मधल्या वेळात ग्रुप तुटतो. व्हेनिसमध्ये तर १ ऑगस्ट २०२४ पासून जुन्या शहरात २५ पेक्षा मोठा ग्रुप फिरवायला आणि लाउडस्पीकर वापरायला बंदी आहे. जास्त माणसं असली तर दोन तुकड्या कराव्या लागतात, म्हणजे दोन गाइड आणि प्रत्येक तुकडीच्या शेपटाला एक जबाबदार माणूस. ४० न्यायचेच असतील तर पगारी मदतनीस घ्या. ‘आमच्यातलंच कोणीतरी बघेल’ यावर विसंबू नका. तो कोणीतरी स्वतःचे पैसे भरून फिरायला आलेला असतो, आणि त्याने आयफेल टॉवरकडे बघायचं की माणसं मोजायची?

सगळ्यांचे पैसे मी गोळा करू का?

नको. प्रत्येकाने टूर कंपनीच्या खात्यात परस्पर भरावेत आणि पावती स्वतःच्या नावाची घ्यावी. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याने ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेऊन सरकारजमा करायचा, हा नियम ऑक्टोबर २०२० पासून आहे. पॅकेजवर जीएसटीही आहेच. सगळ्यांचे चेक तुमच्या खात्यात आले तर विक्रेते तुम्हीच, असं उद्या कोणी म्हणू शकतं. भरलेला टीसीएस आपल्या आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हेही बैठकीत सांगा. निवृत्त मंडळींपैकी अनेकांना ते माहीत नसतं आणि तो खर्चच समजून सोडून दिला जातो.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. ठरावीक संख्येचा ग्रुप दिला तर कंपन्या अनेकदा एक जागा मोफत देतात. ती तुम्ही घेत असाल तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका. राबणाऱ्या माणसाने ती घेण्यात गैर काहीच नाही. पण तीच गोष्ट सहाव्या दिवशी बसमध्ये कुजबुजीतून कळली, तर तुमच्या प्रत्येक निर्णयाकडे लोक संशयाने बघू लागतात.

व्हिसासाठी कधी धावपळ सुरू करायची?

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. नियमानुसार निर्णय १५ दिवसांत येतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मे महिन्याच्या सुटीसाठी आपल्याकडून एकदम गर्दी होते आणि व्हिसा केंद्रावर तारखाच मिळत नाहीत. म्हणून मेची सहल असेल तर डिसेंबरातच कागद गोळा करायला घ्या. अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे सर्वाधिक रात्री मुक्काम आहे तिथे. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार तिथे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे पॅरिस–लुसर्न–रोम एकाच व्हिसावर होतं. मधेच लंडन घुसवायचा मोह झाला तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागेल, आणि पुन्हा पॅरिसला परतणार असाल तर शेंगेन व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. ही चूक मी अनुभवी माणसांकडूनही झालेली बघितली आहे.

पासपोर्ट स्वतः हातात घेऊन तपासा. परतीनंतर किमान तीन महिने मुदत शिल्लक हवी, तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. मग नावं बघा. आपल्याकडे वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, लग्नानंतर आडनाव बदलतं, कधी नावच बदलतं. पासपोर्टवर एक, पॅनवर दुसरं आणि बँकेत तिसरं असतं. विमानाचं तिकीट अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणेच निघायला हवं. नावं व्हॉट्सॲपवर टाइप करून मागवू नका, पासपोर्टच्या पानाची प्रत मागवा.

एखाद्याचा व्हिसा नाकारला गेला तर काय, हे पैसे भरण्यापूर्वीच लेखी ठरवा: किती पैसे परत मिळतील, आणि नवरा-बायकोपैकी एकालाच मिळाला तर दुसऱ्याचं काय.

निघण्याआधीच्या बैठकीत काय सांगायचं?

सांगायचं थोडं आणि विचारायचं जास्त. स्थळांची माहिती लोकांनी आधीच बघितलेली असते. तुम्हाला मात्र तुमची माणसं माहीत नसतात, आणि लीडरची खरी तयारी तिथेच असते.

चारचौघांत ‘कुणाला काही त्रास?’ असं विचारलं तर एकही हात वर होत नाही. म्हणून बैठकीनंतर प्रत्येकाला स्वतंत्र फोन करा. नवरा-बायको असतील तर दोघांशी वेगवेगळं बोला. रात्री किती वेळा उठावं लागतं? जिने उतरताना गुडघा धरतो का, की चढताना? ऐकू कसं येतं? बायपास, स्टेंट, फीट, दमा? एकट्या आलेल्या मावशींना कुणाबरोबर खोली चालेल, घोरणं आहे का? एकदा एका काकूंनी गुडघ्याची शस्त्रक्रिया लपवली होती. सांगितलं तर नेणार नाहीत आणि आपल्यापायी यजमानांचीही सहल बुडेल, ही भीती. मला ते कळलं व्हेनिसमध्ये, तिसऱ्या पुलावर. तिथे कालव्यावरचा जवळजवळ प्रत्येक पूल म्हणजे पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या. आधी माहीत असतं तर त्यांना मी होडीने थेट सेंट मार्क चौकाच्या धक्क्यावर नेलं असतं. त्या दिवशी त्या एका बाकावर बसून राहिल्या आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघू शकले नाही. तेव्हापासून फोनवर माझं पहिलं वाक्य असतं, ‘सांगितलंत म्हणून कुणाला गाळणार नाही, सांगितलंत तर सोय करता येईल.’

चालण्याबद्दल मात्र स्पष्ट बोला. दिवसाला सहा ते आठ किलोमीटर सहज होतात आणि तेही दगडी फरसबंदीवरून. दोन महिने आधीपासून रोज पाऊण तास चालायला लावा, आणि ज्या बुटांनी जायचं त्याच बुटांनी. नवे बूट मुंबईच्या विमानतळावर पहिल्यांदा पायात घालणारं एक तरी माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतं.

औषधांचं काय?

रोजची औषधं केबिन बॅगेत, प्रवासाच्या दिवसांहून आठवडाभर जास्त, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या फार्मसीत कुणाला कळत नाहीत आणि चिठ्ठीशिवाय साधं अँटिबायोटिकही मिळत नाही. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीही टाकू नये. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. मधुमेहाच्या आणि फीटच्या गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून, लिहून आणायचं. तुम्ही स्वतःच्या पिशवीतून कुणाला गोळी देऊ नका, ताप-डोकेदुखीचीसुद्धा. ती व्यक्ती आधीच काय घेते आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं.

खाऊ काय नेता येतो?

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवायच्या. ताजी फळं आणि पानंही नाहीत. केळी, अननस, नारळ, खजूर अशा मोजक्या फळांना सूट आहे, पण हापूसला नाही आणि कढीपत्त्यालाही नाही. मेमध्ये लेकीकडे आंब्याची पेटी न्यायला निघालेल्या आजींना हे आधीच सांगावं लागतं. विमानतळावर आंबे टाकून देताना बघवत नाही. अख्खं सुकं खोबरं विमान कंपन्या घेत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. विमान दुबईमार्गे असेल तर खसखस अजिबात नको: संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या वस्तूंत येते. अनारसे, गोडा मसाला यांत ती असते हे आपल्या चटकन लक्षात येत नाही.

चिवडा, चकली, खाकरा, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. लोणचं मात्र मोठ्या बॅगेत घाला, हातातल्या बॅगेत ते द्रव पदार्थ धरलं जातं. पॉवर बँकेचं उलट: ती हातातल्याच बॅगेत.

बसच्या ड्रायव्हरला ‘जरा अजून एक ठिकाण’ म्हटलं तर तो नाही का म्हणतो?

कायदा तसा आहे म्हणून. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ड्रायव्हरने दिवसात नऊ तासच गाडी चालवायची. आठवड्यातून दोनदा दहा तास चालतात. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती, जी तुकड्यांतही घेता येते. रात्री सलग ११ तास आराम, फारतर काही वेळा नऊवर आणता येतो. हे सगळं गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र नोंदवतं. पोलिसांनी रस्त्यात थांबवून नोंद तपासली तर ड्रायव्हरला मोठा दंड होतो, कधी परवान्यावर येतं.

नव्या लीडरची सगळ्यात जास्त धांदल इथेच उडते, म्हणून जरा सविस्तर सांगते. सकाळी नऊला बस निघाली आणि रात्री जेवून साडेनऊला हॉटेलवर आली, तर नऊ तासांची सवलत शिल्लक नसताना दुसऱ्या दिवशी साडेआठच्या आत ती हलणार नाही. तुमच्या कार्यक्रमात साडेसातचं निघणं छापलेलं असलं तरी नाही. म्हणून संध्याकाळचा कार्यक्रम आखताना उद्याची सकाळ डोळ्यांसमोर ठेवा. रोज रात्री ड्रायव्हरबरोबर पाच मिनिटं उभं राहून नकाशा आणि वेळा पक्क्या करा. माणसं बसवण्या-उतरवण्याची जागा, पार्किंग, शहरप्रवेशाचा परवाना हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. इटलीच्या जुन्या शहरांत बसला आत जायला परवाना लागतो आणि पुष्कळदा बस बाहेरच सोडावी लागते. व्हेनिसला ट्रोंकेटो या बसतळावर उतरून होडी घ्यायची, पिसाला बसतळापासून मनोऱ्यापर्यंत शटल किंवा पायी. ‘बस दारात येईल’ असं वचन ग्रुपला कधी देऊ नका.

ड्रायव्हरशी वागणं साधं ठेवा. त्याला नावाने हाक मारा, जेवायला आपल्यातलं वाढा, बस स्वच्छ ठेवा. पहिल्या सकाळी बस निघताना आपली मंडळी ‘गणपतीबाप्पा मोरया’ म्हणतात, ते काय आहे हे त्याला आधी सांगून ठेवा. तिसऱ्या दिवशी तोच वाट बघत असतो.

माणसं हरवू नयेत म्हणून काय करता?

मोजते. प्रत्येक थांब्यानंतर, बस हलण्याआधी, स्वतः मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन. ‘सगळे आले का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण जो आला नाही तो उत्तर देत नाही. प्रत्येकाला पहिल्या दिवशी एक नंबर द्या आणि क्रमाने पुकारायला लावा. एक, दोन, तीन... मध्ये शांतता पसरली की कोण नाही ते लगेच कळतं.

बसमधून उतरण्यापूर्वी तीन गोष्टी दोनदा सांगा: किती वाजता, कुठे, आणि चुकलात तर काय. वेळ ‘दुपारी साडेचार’ अशी सांगा, ‘१६.३०’ ऐकून आपली मंडळी गोंधळतात. जागा अशी निवडा की भाषा न येणाऱ्यालाही ती विचारता येईल: पुतळा, कारंजं, चर्चचं दार. आणि चुकलेल्याने जिथे आहे तिथेच थांबायचं, शोधत फिरायचं नाही. दोघं एकमेकांना शोधत फिरले तर दोघंही सापडत नाहीत. हॉटेलचं कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा तिथलं सिम नाही, त्यांना कुणाच्या तरी जोडीला बांधून द्या आणि ती जोडी रोज तीच ठेवा.

चालताना पुढे गाइड आणि मागे तुम्ही. सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या मागे राहायचं. पुढे राहावंसं वाटतं, कारण छत्री उंच धरून चालणं म्हणजेच लीडर असं चित्र डोक्यात असतं. पण माणसं हरवतात ती शेपटाकडून.

काही लोक रोज उशीर करतात, काही पुढच्या सीटा सोडत नाहीत.

सीटांचा प्रश्न पहिल्या सकाळी नियमाने सोडवा: रोज प्रत्येक जोडी घड्याळाच्या दिशेने दोन रांगा पुढे सरकणार. पहिली रांग बस लागणाऱ्यांसाठी राखून ठेवा आणि ती का राखली हे सगळ्यांना सांगा. ज्येष्ठ मंडळींना नियम खटकत नाही, पक्षपात खटकतो.

उशिराचं कारण आधी शोधा. पुष्कळदा ते गुडघे असतात, पोट असतं किंवा एकाच बाथरूममध्ये तीन माणसं असतात. अशांना खोली बदलून द्या, पहाटेचा फोन पंधरा मिनिटं आधी करा. निव्वळ खरेदीत रमणाऱ्यांशी मात्र एकट्याला बाजूला घेऊन, प्रेमाने आणि ठामपणे बोला. चारचौघांत बोललात तर पुढचे आठ दिवस ते कुटुंब तुमच्याशी बोलत नाही आणि बस दोन गटांत विभागते.

स्वच्छतागृहांची सोय कशी असते?

हमरस्त्यावर दर एक-दोन तासांनी थांबा मिळतो, पण बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात, साधारण अर्धा ते एक युरो. जर्मनीत पुष्कळ ठिकाणी एक युरो घालून फाटक उघडतं आणि एक चिठ्ठी मिळते, जी दुकानात वटवता येते. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सुटी नाणी करून द्या. दोन तासांहून जास्त वेळ बस चालवत नेऊ नका. बायकांची रांग कायम लांब असते, त्यामुळे २५ जणांच्या ग्रुपला ‘दहा मिनिटांचा थांबा’ नसतोच, पंचवीस मिनिटं धरा. आणि हे लक्षात असू द्या की थांबा मिळेल की नाही या धास्तीने अनेक काकू सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी चक्कर येते ती त्यामुळे. पुढचा थांबा किती वाजता, हे दर वेळी सांगत राहिलं की त्या पाणी पितात.

रोज भारतीय जेवण द्यावं का?

रात्री हो. दुपारी शक्य तिथे तिथलं खाऊ द्या: इटलीत पिझ्झा-पास्ता आहे, शाकाहारी माणसाचं सहज भागतं. पॅरिस, लुसर्न, रोम इथल्या भारतीय हॉटेलांत संध्याकाळी एकामागून एक ग्रुप येत असतात, म्हणून वेळ ठरवून घ्या आणि निघताना फोन करा. जैन, कांदा-लसूण न खाणारे, मांसाहारी असे आकडे आधी कळवा.

निघण्यापूर्वी कालनिर्णय उघडून बघा. एकादशी, संकष्टी कुठल्या दिवशी येते? साबुदाणा तिथल्या हॉटेलात मिळणार नाही. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, वेफर्स सोबत हवेत. संकष्टीचा एक प्रश्न कुणाच्या ध्यानात येत नाही. जूनमध्ये पॅरिसला सूर्यच रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि त्या तिथीचा चंद्र मध्यरात्र उलटली तरी उगवलेला नसतो. मधुमेह असलेल्या काकूंनी तोवर उपाशी राहायचं का, हे आधी त्यांच्या मुलांशी बोलून ठरवा. मी विनंती करते की मुंबईचा चंद्रोदय धरून उपास सोडावा. बहुतेक जणींना ते पटतं.

स्थळांची माहिती मी स्वतः सांगितली तर गाइडचे पैसे वाचतील?

बसमध्ये हवी तेवढी सांगा. स्मारकाच्या आत मात्र नाही. इटलीत गाइडचं काम करायला अधिकृत परवाना लागतो आणि फ्रान्समध्येही संग्रहालयं व स्मारकांत समूहाला माहिती सांगायला व्यावसायिक ओळखपत्र लागतं. तपासनीस खरंच फिरत असतात. आणि दंडाची गोष्ट सोडली तरी व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या छतावरची चित्रं अभ्यासण्यात ज्याने आयुष्य घालवलंय त्याच्याकडून ऐकणं वेगळं. तुमचं काम त्याचं इंग्रजी आपल्या मंडळींपर्यंत पोचवण्याचं. त्याला आधी सांगा की सावकाश बोल, छोटी वाक्यं बोल, आणि बसायला जागा असेल तिथेच थांबून बोल.

बंद असण्याचे दिवस कार्यक्रम ठरतानाच तपासा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद असतं, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. कोलोसियमच्या तिकिटावर नाव असतं, ओळखपत्र जवळ हवं. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणजे घड्याळं आणि चॉकलेटं शनिवारी.

युंगफ्राऊ किंवा टिटलिस या स्विस डोंगरांवर ज्येष्ठांना नेणं सुरक्षित आहे का?

बहुतेकांना हो, पण घाई न करता. युंगफ्राऊयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे आणि इंटरलाकेन साधारण ५७० मीटरवर. हे अंतर आपण काही तासांतच चढतो. वर हवा विरळ असते. डोकं दुखणं, मळमळ, धाप लागणं कुणालाही होऊ शकतं, तरुणालाही. वर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं सगळ्यांना बसवा, पाणी द्या, मग फिरू द्या. धावत फोटो काढायला सोडू नका. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांची परवानगी आणावी. टिटलिसचं स्टेशन ३,०२० मीटरवर, म्हणजे त्यांना तुलनेने सोपं. कुणाला वर त्रास सुरू झाला तर ‘थोडं थांबून बघू’ करू नका, पुढच्या गाडीने खाली आणा. खाली उतरणं हाच त्यावरचा उपाय आहे. अशा वेळी बाकीचा ग्रुप वर कुणाच्या भरवशावर राहणार, हे सकाळीच ठरलेलं असावं.

पासपोर्ट चोरीला गेला तर?

चोर हॉटेलच्या लॉबीत, नाश्त्याच्या हॉलमध्ये आणि मेट्रोच्या दारात असतात. सह्या मागणाऱ्या मुली, मनगटाला दोरा बांधणारे, जमिनीवरून अंगठी उचलून ‘तुमची का?’ म्हणणारे: पॅरिसच्या रस्त्यावर ही नाटकं चालतात. आपली माणसं भिडस्त, नाही म्हणत नाहीत. बसमध्ये एकदा हे प्रसंग करून दाखवा, ऐकण्यापेक्षा बघितलेलं लक्षात राहतं. पासपोर्ट ज्याचा त्याने कपड्याच्या आत, गळ्यातल्या किंवा कमरेच्या चपट्या पिशवीत ठेवावा. सगळे पासपोर्ट लीडरने एका बॅगेत ठेवणं ही मोठी चूक; ती एक बॅग गेली की सगळे अडकले.

गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार आणि तिची लेखी प्रत. मग भारतीय वकिलात: पॅरिस, बर्न, रोम इथे दूतावास आहेत, मिलान आणि जिनिव्हात वाणिज्य दूतावास. तिथे आणीबाणीचं प्रमाणपत्र मिळतं, पण ते फक्त भारतात परतण्यासाठी, पुढची सहल त्यावर होत नाही. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या प्रती, दोन फोटो, हे प्रत्येकाचं तुमच्या फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे हवं.

कुणी गंभीर आजारी पडलं, किंवा त्याहून वाईट झालं तर?

११२ हा नंबर युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये कुठूनही लागतो. तो आधी, विमा कंपनी त्यानंतर लगेच. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो, पण आधीचा आजार लपवला असेल तर दावा अडतो. फोनवर सगळं खरं सांगा म्हणून मी हट्ट धरते तो याचसाठीही. विमा कंपनीचा मदतीचा नंबर आणि प्रत्येकाचा पॉलिसी क्रमांक तुमच्या वहीत लिहिलेला असू द्या.

रुग्णाबरोबर कोण राहणार? जोडीदार, आणि तो नसेल तर ग्रुपमधली आधी ठरवलेली व्यक्ती. तुम्ही पहिले काही तास थांबा, दुभाष्याची सोय करा, घरी मुलांना फोन करा. मग उरलेल्या माणसांकडे परत या. ते निष्ठुर वाटतं, पण अनोळखी शहरात २४ जणांना वाऱ्यावर सोडता येत नाही.

मृत्यूही येतात. ज्येष्ठांचे ग्रुप नेणाऱ्याने हे मनाशी धरूनच निघावं. तिथला मृत्यूचा दाखला, वकिलातीचं ना हरकत पत्र, पासपोर्ट रद्द करणं, देह टिकवण्याच्या प्रक्रियेचं प्रमाणपत्र, एवढं झाल्याशिवाय पार्थिव विमानात चढत नाही, आणि त्याला काही दिवस लागतात. विमा कंपनी आणि वकिलात यात मदत करतात. घरी फोन तुम्हीच करा आणि तो एका मुलाला किंवा भावाला करा, व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही जाऊ देऊ नका. एकदा बातमी आमच्या फोनच्या आधी ग्रुपवरून घरी पोचली. त्या मुलीचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

हॉटेलच्या खोल्यांबद्दल काय सांगून ठेवावं?

चार गोष्टी. पंखा नसतो. बाथरूममध्ये टबाबाहेर पाणी वाहून जायला मोरी नसते, म्हणून पडदा टबाच्या आत घेऊन अंघोळ करायची, नाहीतर खालच्या खोलीत गळतं. खोलीत उदबत्ती, निरांजन लावलं की धुराचा अलार्म वाजतो आणि दंड भरावा लागतो. पूजा हात जोडून करावी. तिसऱ्या माणसाला मिळतो तो घडीचा पलंग, त्यामुळे तीन मोठी माणसं एका खोलीत बसवू नका.

माझं काम कधी संपतं?

मुंबईला सामानाच्या पट्ट्यावर शेवटची बॅग येईपर्यंत तिथून हलू नका. लोक थकलेले असतात, जावई बाहेर उभा असतो, हात हलवून निघून जातात. आणि दर वेळी कुणाची तरी एक बॅग आलेली नसते. तक्रारीचा फॉर्म विमानतळ सोडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या खिडकीवर भरायचा असतो, आणि तो भरायला काकांना तुमची गरज असते. व्हीलचेअरवरची माणसं बाहेर आली का? विमानं बरेचदा मध्यरात्रीनंतर उतरतात, अशा वेळी नाशिक-कोल्हापूरकडे एकट्या निघालेल्या मावशींची गाडी आली का? गाडीचा नंबर लिहून घ्या आणि पोचल्यावर फोन करायला सांगा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना एकेक फोन करते. पाय सुजलेत का, झोप झाली का, औषधांच्या वेळा परत जागेवर आल्या का, एवढंच विचारायला.